रेतीवरचा गोटा

तिसऱ्यांदा दगड कलंडला आणि पुंडलिकराव मास्तरांनी हातातलं फडकं जमिनीवर आपटलं.

काचेच्या पेटीतला तो नुसता दगड नव्हता. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून, ओल्या गोणपाटात गुंडाळून, समुद्राच्या पाण्याचे दोन डबे सांभाळत मास्तरांनी तो नेरच्या शाळेत आणला होता. त्याच्या भोकाभोकांत कोणी ना कोणी राहत होतं. शेवाळ, शिंपले, केसाएवढे किडे, आणि माथ्यावर पाण्यात पाकळ्या हलवणारं एक समुद्रफूल. चार दिवस ते जगलं होतं. आज अकराला शाळेचं विज्ञान प्रदर्शन उघडणार होतं. समुद्र जन्मात न पाहिलेल्या माणसांना त्याचा जिवंत तुकडा दाखवायचा, एवढंच मास्तरांच्या डोक्यात होतं.

पण खेकडा! दगडाबरोबर आलेला, अंगठ्याएवढा. मास्तर रेती थापून थापून दगड बसवत, आणि हे कार्टं दगडाखाली शिरून सगळी रेती उकरून काढी. अर्ध्या तासात दगड पुन्हा एका अंगावर.

"फेकूनच देतो याले. साऱ्या मेहनतीचं वाटोळं करून राह्यला," मास्तर करवादले.

नेमसिंग चपराशी सायकलच्या पंपानं पाण्यात हवा सोडत होता. हात न थांबवता तो म्हणाला, "त्यो आपलं बिळ करून राह्यला, गुरुजी. त्याचा काय गुन्हा? तुमी गोटा रेतीवर ठेवताच काहून? रेती बाजूले सारा. बुडाशी तीन चपटे दगड मांडा, त्याच्यावर हा बसवा, अन् मंग रेती लोटा. मंग उकरू द्या त्याले किती उकरते त."

"बुडाशी काच आहे. फुटली म्हणजे?"

"आमचे म्हतारे बैलावर गोण लादाच्या आंधी हाड चाचपत. मासावर लादली का घसरलीच."

"हा बैल नाही, नेमसिंग. समुद्रात खाली रेतीच असते. पुस्तकात चित्र आहे."

नेमसिंग पंप मारत राहिला. चपराशानं आपल्याला शिकवावं, हे मास्तरांना झोंबलं होतं. त्यांनी चौथ्यांदा रेती थापली, आधीपेक्षा उंच, आणि दगड वर ठेवला.

या वेळी दगड पुढे कलंडला, थेट काचेवर. बारीकसा आवाज झाला. काचेला मध्यापासून वरच्या काठापर्यंत तडा गेला आणि पाणी झिरपू लागलं.

मास्तरांनी मेण लावलं, ओल्या काचेला ते धरेना. नेमसिंगनं खाली बादली धरली. बादलीतलं पाणी परत ओतावं, तर तेही गळून जाई. पेटी अर्धी झाली तेव्हाच गळती थांबली.

साडेदहा झाले होते. मास्तरांनी रेती सारली. नेमसिंगनं शाळेमागच्या नाल्यातून तीन चपटे दगड धुऊन आणले. त्यांच्यावर दगड बसला आणि भोवती रेती लोटली. खेकडा खाली शिरला, मनसोक्त उकरत राहिला. दगड तसूभरही हलला नाही.

फक्त आता तो अर्धा पाण्याबाहेर होता. समुद्रफूल मिटून काळपट गोळा झालं होतं. पहिल्याच वेळी ऐकलं असतं तर! मास्तरांना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

अकराला दार उघडलं. रांगेत सगळ्यांत पुढे नेमसिंगची आई रुपीबाई. आरशांचा घागरा घालून, तांड्यावरून सकाळपासून पायी आलेली. ती पेटीपुढे वाकली आणि बराच वेळ पाहत राहिली.

"समिंदर हाच?"

"त्याचा तुकडा आहे, मावशी."

"आमच्या आजसासऱ्यानं त्याचं मीठ वाह्यलं, बैलावर. पाह्यला कोणीच नाही." ती आणखी वाकली. "पाणी लयच कमी दिसते."

मास्तरांनी तड्याकडे पाहिलं. मग नेमसिंगकडे. नेमसिंगनं मान खाली घातली.

"ओहोटी लागली आहे," मास्तर म्हणाले. "समुद्राचं पाणी असं उतरते. दगड उघडे पडतात."

"अन् मंग?"

मास्तरांनी तड्यावर तळवा ठेवला. "मंग वापस येते."

मागची माणसं रेटत होती. रुपीबाई बाजूला झाली. भिंतीशी घागरा पसरून ती ऐसपैस बसली आणि भाकरीचं फडकं मांडीवर सोडलं.

"येऊ द्या मंग," ती म्हणाली. "आता आली त पाहूनच जातो."