खणखणीत

"पोरगी बघायला आल्यासारखा गप्प काय उभा? विचार की काय विचारायचं ते," गुणाजीकाका म्हणाले.

हर्षद काय विचारणार, कपाळ! पेणच्या त्या अंगणात एका स्टुलावर मोरपिशी रंगाची फ्रेम ठेवली होती आणि त्याची नजर तिच्यावरून हलत नव्हती. रेसच्या सायकलची फ्रेम, कार्बनची, एका बोटानं उचलावी इतकी हलकी, आणि नेमकी त्याच्या मापाची. चाकं, गिअर, हँडल सगळं रोह्याजवळच्या वरसे गावी त्याच्या घरी पलंगाखाली येऊन पडलं होतं. रोह्याच्या कंपनीत शिफ्टा करत तीन वर्षं तो एकेक भाग जमवत आला होता. अडलं होतं ते फ्रेमवर.

बायको, नूतन, सकाळीच म्हणाली होती, "घ्यायची तर घेऊन टाका एकदाची, माझ्या डोक्याची कटकट जाईल. पण आतून चिरलेलं काय गळ्यात पडलं आणि उतारावर मोडलं, तर मी कोणाच्या तोंडाकडं बघू?"

भीती खरीच होती. कार्बनची चीर वरून दिसत नाही. एक दिवस चालता चालता सरळ दोन तुकडे होतात, आणि वर बसलेल्याचं काय होतं ते बोलू नये.

म्हणून तर त्यानं काकांना आणलं होतं. काका पेणच्याच गणपतीच्या कारखान्यातले रंगारी, चाळीस वर्षं तेच काम. मूर्तीवर बोटाच्या पेरानं टकटक करायची आणि सांगायचं, खणखणीत की बद्द. बद्द म्हणजे आत चीर. त्यांचा कान कधी चुकला नव्हता. हर्षदचा बाप गेल्यापासून तर काकाच सगळं. सायकल त्यांनीच शिकवली. "धरलंय रे, धरलंय," म्हणत मागं धावता धावता त्यांनी सीट कधी सोडली, ते त्याला कळलंसुद्धा नव्हतं.

फ्रेमचा मालक यज्ञेश चहा घेऊन आला. "घ्या काका, बिनसाखरेचा."

काकांनी कप घेतला आणि तसाच कट्ट्यावर ठेवला.

"काका, वाजवून बघता ना?" हर्षद म्हणाला.

"मला काय कळतंय रे त्यातलं? मी मातीवाला माणूस. दुसरी बघ की. घाई काय हाय?"

हर्षदचं तोंड एवढंसं झालं. "तीन वर्षं थांबलोय, काका. पण तुम्ही नको म्हणालात तर नको. तुमचा शब्द शेवटचा."

"सांगा ना, काका," यज्ञेश हसून म्हणाला. "तुमच्याएवढं कोणाला कळणार?"

काकांनी कट्ट्यावरचा कप उगाच बाजूला सरकवला. मग उठले. रंगाकडे त्यांनी पाहिलंही नाही. ऐकायचं असलं की ते डोळे मिटूनच घेत. वरच्या दांडीवर दोनदा टकटक, मागच्या दांडीवर दोनदा.

"खणखणीत हाय. घे."

हर्षदनं तिथंच वाकून त्यांच्या पायाला हात लावला. काका म्हणाले, "हां, हां, असू दे," आणि चपला शोधायला लागले.

आठवड्यात सायकल उभी राहिली. काय दिसत होती! पूजेला काकांना बोलावलं होतं, पण त्यांचा गुडघा धरला होता म्हणे.

"मान त्यांचा होता," नूतन म्हणाली आणि तिनंच हँडलला कुंकू लावलं. ते बघून हर्षदला कारखाना आठवला. चतुर्थी तोंडावर आली आणि एखादी मूर्ती चिरली, की काका चीर लांबीचा पांढरा लगदा भरून बुजवायचे, वर कुंकवाचं बोट लावायचे, हात जोडायचे, "देवा, झाकतोय, पदरात घे," आणि मगच रंग द्यायचे. बाकीचे रंगारी हसायचे त्यांना. हर्षदही हसायचा.

काकांचा जीव मात्र सायकलीत अडकला होता. दर रविवारी फोन. "सपाटीलाच चालव हां. सुकेळी खिंडीत नेऊ नको." परत तासाभरानं, "पोचलास का रे घरी?"

"सख्खा बाप इतका जपणार नाय," नूतन म्हणायची.

चौथ्या रविवारी हर्षदनं ठरवलं, आज खिंड उतरून थेट पेणला जायचं आणि काकांच्या दारात घंटी वाजवायची. म्हातारा खूश होईल! कोलाडपर्यंत सायकल वाऱ्यासारखी गेली. पुढं हायवेच्या एका खड्ड्यात चाक आपटलं आणि खालून कटकट यायला लागली. खांब गावाला, खिंडीच्या अलीकडे, तो चहाच्या टपरीवर थांबला.

खालच्या दांडीचा रंग नखाएवढा उचलला गेला होता. त्यानं तो ओढला तर जाड पापुद्राच निघाला. आत पांढरी लांबी, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली चीर दांडीला वळसा घालून गेलेली.

हर्षदनं मान वर केली. समोर खिंड दिसत होती. हा उतार उतरलो असतो तर?

"यज्ञेश, हरामखोरा! गळा कापलास माझा. आणि त्या देवमाणसालाही फसवलंस!" तो इतक्या जोरात ओरडला की टपरीवाला बघायला लागला.

तेवढ्यात फोन वाजला. काका.

"पोचलास का रे घरी?"

"नाय काका. खांबला हाय."

"खांबला?" काकांचा आवाज चिरकला. "खिंडीत जाऊ नको! ऐक माझं, माघारी फिर. चालत जा, पण माघारी फिर."

"फिरतो, काका," हर्षद म्हणाला. चिरीचं काही बोलला नाही. चाळीस वर्षांचा कान चुकला हे कळलं तर म्हातारा हाय खाईल, असं त्याला वाटलं.

फोन खिशात टाकून त्यानं उरलेला पापुद्रा नखानं खरवडून काढला. पांढऱ्या लांबीवर, बरोब्बर मधोमध, कुंकवाचं बोट लावलेलं होतं.