मूळचा डाग

आजोबांची मस्टँग गाडी म्हणजे उभ्या नगर जिल्ह्यात एकच. रविराजनं ती श्रीगोंद्याच्या मस्तान मिस्त्रीकडे सोपवताना बजावलं होतं, “दुरुस्त करा, पण मूळचं काही बदलू नका.”

वर्षभरानं गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. मागच्या सीटवरचा काळपट डाग मात्र तसाच होता.

“मिस्त्री, हा तेवढा काढायचा की!”

“दादा, त्यो मूळचाच हाय. माझी आय हितं ऊसतोडीला आल्ती. कळा सुरू झाल्या तवा तुमच्या आजोबांनी ह्याच सीटवर निजवून तिला दवाखान्याकडं नेलं. दवाखाना यायच्या आधी मीच आलो.”

मिस्त्रीनं सीटवरून हळूच हात फिरवला.

“उपकार ध्यानात ऱ्हावं म्हनून तिनं गाडीचं नाव इचारून घेतलं. अन् ऐकू आलं तसं माझं ठेवलं.”