गुंडाळागुंडाळी

पॉवर सप्लायमधला स्विच बंद झाला, की विजेची लहर दाखवणाऱ्या स्कोपच्या पडद्यावरची रेघ उगाच थरथरत राहायची. आपली चूक असणं साहेबांच्या डिझाइनमध्येच नव्हतं. त्यांनी त्यातला ट्रान्सफॉर्मर काढून त्याची तार गुंडाळणाऱ्या वाइंडिंगवाल्या मामांच्या हातात पुन्हा कोंबला. "जरा नीट गुंडाळा की हो!"

मामा गेले आणि साहेबांची नजर स्कोपला जोडलेल्या आपल्याच प्रोबच्या वीतभर लांब अर्थिंग वायरवर पडली. थरथर ट्रान्सफॉर्मरची नव्हतीच, ही वायरच ती पकडत होती! त्यांनी जीभ चावली आणि वायर गुपचूप कापून बोटभर केली.

संध्याकाळी मामांनी आणलेला ट्रान्सफॉर्मर बसवला. रेघ गुणी बाळासारखी सरळ.

"बघा मामा, नीट गुंडाळला की कसा गप्प बसतो!"

मामांनी डोकं खाजवलं.

"साहेब, या वेळी तर मी तो नुसता फडक्यानं पुसून आणलाय."