दोन कार्बोरेटर

“नळी लावून इंजिनाचा श्वास ऐकता. माझं एक वाक्य ऐकायला तुमच्या कानाला काय लावू?” हिराने चहाचा पेला मडगार्डवर आपटला.

दशरथने मान वर केली नाही. एका कानात बोट, दुसऱ्या कानाला रबरी नळी. नळीचं दुसरं टोक त्याने आधी एका कार्बोरेटरपाशी धरलं, मग दुसऱ्यापाशी. जुन्या फियाटला मुळात एकच कार्बोरेटर असतो. शर्यतीत पळवायची म्हणून बापलेकांनी हिला दोन बसवले होते. दोन्ही कार्बोरेटरांनी सारखीच हवा ओढली तर गाडी पळणार, नाहीतर दोघांचं भांडण आणि गाडी फुरफुरून बंद. गेले कित्येक रविवार ती बंदच पडत होती.

गाडी प्रज्ञेशची. कॉम्प्युटरची नोकरी लागल्यावर पोरं आईला साडी आणतात. याने हे डबडं आणलं. मग दर रविवारी बाप आणि लेक तिच्याखाली आडवे. दशरथ खडकीच्या कारखान्यात जन्मभर फिटर होता. घरात मुलाशी चार शब्द बोलायचं त्याला कधी जमलं नाही. गाडीखाली मात्र जमायचं. “पाना दे” एवढंच म्हणायचा, पण असं म्हणायचा की आत भाकरी थापणाऱ्या हिराचा हात थांबायचा. पुढे कंपनीने प्रज्ञेशला अमेरिकेला पाठवलं. येरवड्याच्या अंगणात गाडी राहिली, तिच्याशेजारी बाप राहिला.

आता रविवारी फोन यायचा. “पप्पा, गाडी कुठवर आली?” मुलगा बापाला दुसरं काही विचारायचा नाही, आणि बापाला दुसरं काही सांगता यायचं नाही. त्या एका प्रश्नावर दशरथचा आठवडा निघायचा. जुन्या बाजारात तो भंगार उपसायचा. सुटे भाग रॉकेलमध्ये धुवायचा. पुढच्या चाकांना त्याने डिस्क ब्रेक बसवले, सायलेन्सरचा जाड पाइप स्वतः वाकवून जोडला. सगळं रविवारी मुलाला सांगायचा. त्यानंतर हिरा फोन आत न्यायची आणि दार लोटून घ्यायची. दशरथला वाटायचं, चटणी-पापडाचं चाललं असेल.

“सवत परवडली असती,” हिरा म्हणाली. “चार भांडी तरी घासली असती. ही नुसती पेट्रोल पिते आणि खोकते.”

“गप जरा. जुळतंय.”

त्याने स्क्रू ड्रायव्हर केसभर फिरवला. नळी इकडे धरली, तिकडे धरली. दोन्हीकडून एकच आवाज. इंजिनाची धडधड खाली आली आणि एका लयीत चालू राहिली. पेल्यातला चहा इतका वेळ थरथरत होता, तो शांत झाला. गाडी बंद पडली नाही. हिरा कमरेवर हात ठेवून वाट बघत राहिली, तरी पडली नाही.

“झाली की हो,” ती म्हणाली. आवाजातला टोमणा कुठे गेला, तिलाच कळलं नाही.

दशरथ हसला नाही. त्या चहाकडे बघत उभा राहिला.

आत फोन वाजला. हिरा धावली. ती लांब वायरीचा फोन खिडकीतून बाहेर घेईपर्यंत दशरथने किल्ली फिरवून गाडी बंद केली होती. त्याचे हात कोपरापर्यंत काळे. नेहमीसारखा रिसीव्हर तिनेच त्याच्या कानाला धरला. मुलाचा आवाज इतका खणखणीत की तिलाही ऐकू यायचा.

“पप्पा, गाडी कुठवर आली? झाली चालू?”

“अजून कुठं!” दशरथ म्हणाला. “एक कार्बोरेटर ओढतो, दुसरा ऐकत नाही. सगळं परत खोलावं लागणार. बराच वेळ जाईल रे.”

हिराने वळून गाडीकडे पाहिलं. उघड्या बॉनेटखालून अजून इंजिनाची धग येत होती. जन्मात खोटं न बोललेला माणूस. तिला राग आला नाही. गाडी झाली की प्रश्न संपला, आणि प्रश्न संपला की फोन संपला, हे त्याला आधीच कळलं होतं.

“सावकाश करा, पप्पा. घाई नाही. आईला द्या.”

दशरथने हनुवटीने खूण केली, आता तू घे. हिरा मात्र अजून गाडीकडेच बघत होती, रिसीव्हर धरलेला हात जिथे होता तिथेच राहिला.

“आई, घेतलास ना फोन?”

“हं,” ती सवयीने म्हणाली.

“ऐक ना. तू त्या दिवशी रडलीस, पप्पांना गाडीचं विचारत जा म्हणालीस, म्हणून दर रविवारी विचारतो. मला ती गाडी आता आठवतसुद्धा नाही गं. ते सांगतात त्यातलं निम्मं मला कळत नाही. आता अजून वेळ लागणार म्हणतात. किती दिवस विचारत राहू?”

रिसीव्हर अजून दशरथच्या कानाला होता.

हिराने तो झटकन ओढला आणि पदराखाली दाबून धरला. पदराखालून मुलगा “आई? आई?” करत होता.

दशरथने मडगार्डवरची रबरी नळी उचलली, फडक्याने पुसली, नीट गुंडाळून ठेवली. मग बॉनेट खाली ओढून लावलं.

“त्याला सांग,” तो म्हणाला, “गाडी चालू झाली.”