कैवल्यचं पान

"थ्री," अवधूतने तीन बोटं वर केली आणि नमिताने मागे वळून पाहिलं. दोघंच तर आली होती. मागे काचेचं दार, दाराबाहेर आखातातल्या मुशैरिबचा तापलेला रस्ता, आणि तिथून कुणीही यायचं नव्हतं.

हॉटेलची मालकीण साठीची कोरियन बाई होती. ती हसून दाराकडे बघायला लागली. "सन इज कमिंग," अवधूत म्हणाला. इतकं सहज, की जणू पोरगा खाली गाडी लावतोय! बाईंनी तीन वाट्या, तीन लांब दांड्याचे चमचे मांडले.

कैवल्य सप्टेंबरात गेला. पुण्याच्या हॉस्टेलवर डेंग्यू झाला आणि चार दिवसांत खेळ संपला. नाशिकला नेऊन सगळं उरकून दोघं मेसईदला, अवधूतच्या नोकरीच्या गावी परतली, तर जिन्यातच खालच्या मजल्यावरची जुलियाना भेटली. "कैवल्य कसा आहे?" तिने विचारलं. अवधूत म्हणाला, "मजेत. अभ्यास चाललाय."

तेव्हापासून आठ महिने हेच. कंपनीत तेच, बसमध्ये तेच, दिवाळीला फराळ घेऊन आलेल्यांना तेच. कालच कुणाला तरी सांगत होता, जूनमध्ये परीक्षा संपेल म्हणून. आणि नमिताने काय करायचं? तोंडात पदर कोंबून, बाथरूमचा नळ सोडून रडायचं. स्वतःच्या पोराचं सुतकसुद्धा तिला चोरून पाळावं लागलं होतं. कितीदा पाया पडली त्याच्या. "एकदा म्हणा हो, गेला म्हणून. एकदाच म्हणा. मग दोघं मिळून रडू." तो उठून दुसऱ्या खोलीत जायचा.

आज कैवल्यला वीस वर्षं पूर्ण झाली असती. बारावीत असताना ह्याच हॉटेलसाठी किती मागे लागला होता! मोबाईलवर सोल शहरातल्या खाण्याच्या गाड्या दाखवायचा, वाफाळलेली पातेली दाखवायचा. "बाबा, प्लीज, जस्ट वन्स." अवधूत म्हणायचा, "चायनीज खा की. सगळं सारखंच असतं. पुढच्या सुट्टीत बघू." आज सकाळी मात्र आपणहून म्हणाला, "चल, आवर."

तोकबोकी आली. उकडीच्या मोदकाची पारी वळून तिखटजाळ रश्श्यात बुडवावी, तसं काहीतरी होतं. भोवती न मागता आंबवलेल्या कोबीची किमची, मोड आलेले मूग, मुळ्याच्या फोडी अशा पाच-सहा छोट्या बश्या आल्या, भातही आला. नमिताने एक घास घेतला. मेल्या पोटाला भूकही लागते, ह्याची तिला लाज वाटली.

"त्याला वाढ की," अवधूत म्हणाला. "गार होईल."

तिने वाढलं. तिसऱ्या वाटीत चिकट भात दाबून भरला, वर दोन चमचे रस्सा घातला. कैवल्य क्लासवरून यायच्या वेळी ती भात वाढून त्यात चमचा उभा खोचून ठेवायची, म्हणजे पोराने आल्या आल्या खायला बसावं. हाताला सवय होती. हाताने तेच केलं.

मालकीण धावतच आली. "नो, नो, मॅडम!" तिने दोन्ही हातांनी तो चमचा अलगद काढला, पुसला, बाजूला आडवा ठेवला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगायला लागली, की आमच्याकडे भातात चमचा असा उभा फक्त मेलेल्या माणसासाठी ठेवतात. तुमचा मुलगा यायचाय. अपशकुन नको.

अवधूत त्या आडव्या चमच्याकडे बघत राहिला. मग त्याने तो उचलला आणि भातात पुन्हा उभा खोचला.

"राहू दे," तो मराठीतच म्हणाला. मग बाईंकडे न बघता म्हणाला, "ही इज डेड. माय सन. गेला तो." आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा, भर दुपारी, सगळ्या हॉटेलसमोर तो माणूस ओक्साबोक्शी रडायला लागला.

बाईंनी तोंडावर हात ठेवला. शेजारच्या टेबलावरची माणसं खाता खाता थांबली. हेच ऐकायला नमिता आठ महिने जीव टाकत होती. आता मोकळं रडू येईल म्हणून ती थांबली. ते आलं नाही. कैवल्य येणार आहे असं म्हणणारं एकच माणूस ह्या जगात होतं, आणि तेही आता उरलं नव्हतं.

तिने तो चमचा भातातून खसकन उपटला.

"डोन्ट लिसन टू हिम," ती बाईंना म्हणाली आणि वाटी त्यांच्या हातात दिली. "हे जरा गरम करून आणा. माझा मुलगा येतोय."