बुरुजाचा दरवाजा

गिरीश सरांच्या खांद्यावर शाल चढली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या मराठी मंडळाने भाड्याने घेतलेला शाळेचा हॉल आज खचाखच भरला होता. शेवटच्या रांगेतल्या नीलाचे हात मात्र मांडीवरून हलले नाहीत. नऊ वर्षं ती या दुपारची वाट बघत होती.

पडद्यावर नकाशा उजळला. इंग्लंडच्या किनाऱ्यावर, रोमन साम्राज्याच्या सरहद्दीवरचा टेहळणी बुरूज. उरलेला पाया तेवढा जमिनीखाली सापडला होता. तो नकाशा नीलाने काढला होता. चार दिवस पावसात गुडघे टेकून, एकेक दगड मोजून. तिचे पीएचडीचे गाइड असलेले सर तेव्हा गाडीत हीटर लावून बसायचे. पाचव्या दिवशी उत्खननाचा खड्डा पुन्हा बुजवला. पुस्तक आलं, तर नकाशाखाली सरांचं नाव! तिने तक्रार केली. विद्यापीठाने पुरावा मागितला, आणि मूळ कागद तर सरांच्याच कपाटात. तिची पीएचडी तिथेच सुटली. आता ती एका विमा कंपनीत क्लेम तपासते. राग काही निवला नाही, चांगला मुरला.

"यातली रेघ न् रेघ माझ्या हातची आहे," सर म्हणाले. मंडळाचा कॅमेरा चालू होता.

मंडळात प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायची पद्धत. सचिव रत्नाकाकूंनी तिसरी चिठ्ठी उघडली. खाली नाव नव्हतं.

"सर, शत्रू समुद्रातून येणार, आणि बुरुजाचा दरवाजा समुद्राकडेच? नकाशा उलटा तर नाही ना छापला?"

हॉलमध्ये खसखस पिकली. सर पडद्याकडे वळले. दरवाजा कुठे आहे, हे जणू आज पहिल्यांदाच बघत होते.

"अरे हो, मिस्टेकच आहे ती," ते घाईघाईने म्हणाले. "ॲक्चुअली, हा नकाशा माझ्या एका स्टुडंटने काढला होता. नीला सबनीस. नवखी होती, कागद उलटा धरला असेल."

हसू थांबलं. पुढच्या रांगेतले काका एकमेकांकडे बघू लागले. रत्नाकाकू चिठ्ठीची घडी घालायच्या विसरल्या.

नीला उठून उभी राहिली. आपलं नाव त्या तोंडून ऐकून तिला इतका आनंद झाला, की चिठ्ठी लिहिलेलं पेन तिच्या हातातच राहिलं.

"दरवाजा समुद्राकडेच होता, सर. तुम्ही गाडीतून उतरला असतात, तर दिसला असता."