धर्मग्रंथावर हात

ग्रामपंचायतीच्या मतदानाला दोन दिवस उरले तेव्हा बब्रुवानतात्यांनी आमच्या गल्लीला बेल-भंडारा उचलायला लावला. प्रत्येक घरानं हळद हातात घेतली, मत तात्यांच्या पॅनललाच देणार अशी देवाची शपथ वाहिली आणि पुढच्या घराकडं बोट दाखवलं. शेवटचं घर आमचं. गावात ख्रिस्ती तेवढे आम्हीच, त्यामुळं तात्यांची पंचाईत झाली. पण माणूस कष्टाळू. ईट गावाला जाऊन त्यांनी कुणाकडून तरी आमचा धर्मग्रंथ मागून आणला, पाटावर ठेवला, पुढं उदबत्ती लावली. हळदीची चिमूटही वाहणार होते, मी डबी हळूच बाजूला सरकवली. मग आईला म्हणाले, “रेबेकावैनी, ठेवा हात. शपथ घ्या, म्हंजे नळ तुमच्या दारात.” हापसा गावाबाहेर आहे आणि आईचे गुडघे गेलेत, हे तात्यांना चांगलं ठाऊक. मीही आईला ‘घेऊन टाक’ म्हणून डोळ्यानं खुणावलं. आईनं पदर डोक्यावर घेतला, हवं ते पान काढलं आणि ग्रंथ तात्यांपुढं धरला. “आधी तुमी वाचा.” तात्यांनी शाळेत उभं केल्यासारखं मोठ्यानं वाचलं. येशूनं सांगितलं होतं, शपथ मुळीच वाहू नका. होय असेल तर होय म्हणा, नाही तर नाही. तात्यांनी ग्रंथ मिटून पाटावर ठेवला. “बरं, शपथ ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “मत आमालाच ना? नुसतं व्हय म्हणा. नळाचं बघा.” “न्हाय,” आई म्हणाली आणि घागर कमरेवर घेऊन हापशाकडं निघाली.